कोल्हापूरचा समुद्र : अमात्यांची नीती व मालवणचे प्रवाळ

कोल्हापूरच्या इतिहासाचा विचार करू लागले म्हणजे पन्हाळगड, पंचगंगेचा घाट, अंबाबाईचे देवालय, कुस्तीचे आखाडे आणि शाहू छत्रपतींची कारकीर्द ह्या गोष्टी प्रथम डोळ्यांपुढे उभ्या राहतात. समुद्र मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. शहराच्या पश्चिमेस सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि शहराजवळून वाहणारी नदीही पूर्वेकडे तोंड करून कृष्णेला मिळावयास जाते. तेव्हा कोल्हापूरकरास समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास त्यास वेड्यात काढण्याचे कारण नाही. तथापि इतिहास निराळे सांगतो. ह्या नगराचा समुद्राशी असलेला संबंध जुना आहे, मोठा आहे, आणि त्यातून निघणारा एक धडा आज समुद्रातील जीवसृष्टीच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला असता विशेष उपयोगी पडण्याजोगा आहे. तो धडा कोणता हे सांगण्याचे येथे योजिले आहे.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४४ साली प्रा. कुंदणगार यांना तेथे काशाच्या वस्तूंचा एक संग्रह सापडला, आणि त्यानंतर १९४५-४६ साली डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे शास्त्रीय उत्खनन केले. त्या संग्रहात एक लहानशी काशाची मूर्ती होती. ती ग्रीक लोकांचा समुद्रदेव पोसायडन याची आहे असे विद्वानांनी ठरविले. सातवाहनांच्या काळी रोमन साम्राज्याशी चाललेल्या व्यापारातून ही मूर्ती येथवर आली. कोकणातील कोणत्याशा बंदरात उतरून, बैलांच्या पाठीवर घाट चढून, समुद्राचा देव समुद्र दिसत नाही अशा गावी येऊन राहिला! कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयातील ह्या मूर्तीचे महत्त्व तिच्या शिल्पापेक्षाही तिच्या प्रवासात आहे. घाट ही भिंत नसून तो जिना आहे, हे ती मूर्ती सांगते.

पुढे मराठी राज्यात हा संबंध व्यापारापुरता राहिला नाही. शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. सातारा व कोल्हापूर ह्या दोन गाद्या वेगळ्या झाल्यावर हा जलदुर्ग कोल्हापूरकडे राहिला, आणि शंभर वर्षे कोल्हापूरचे छत्रपती हे समुद्राचेही धनी होते. मालवणच्या गाबितांनी व खारव्यांनी कोल्हापूरची गलबते चालविली. इंग्रजांच्या कागदपत्रांत ह्या लोकांची संभावना चांचे म्हणून केलेली आढळते. परंतु ज्याचे जहाज अडविले जाते तो अडविणाऱ्यास चांचा म्हणणारच, हे ध्यानात ठेवूनच ती विशेषणे वाचावी. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असे नावही दिले. परंतु पुढल्याच वर्षी, जिजाबाई राणीसाहेबांच्या कारभारात, तो कोल्हापूरकडे परत आला. अखेर १८१२ च्या तहाने मालवणचे बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे इंग्रजांस द्यावे लागले आणि कोल्हापूरचा समुद्र संपला.

जो समुद्र संपला तो आरमाराचा होय. परंतु त्या आरमाराच्या काळी कोल्हापूरच्या दरबारात समुद्राविषयी जो विचार झाला तो लिहिलेला आहे आणि तो संपलेला नाही. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या आरंभीच्या काळात, सिद्ध झाले. अमात्यांचे घराणे पुढे गगनबावड्यास स्थिरावले. म्हणजे जेथून एका बाजूस देश व दुसऱ्या बाजूस कोकण दिसते, अशा कड्यावरच ते नांदले. ह्या ग्रंथात राजा, प्रधान, सावकार, वतनदार, दुर्ग यांच्या बरोबरीने आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे वेगळे अंग मानून जहाजे केवढी बांधावी, सरदारांनी कसे वागावे, पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे करावी, हे सर्व तेथे बारकाईने सांगितले आहे.

त्या प्रकरणातील दोन नियमांकडे आम्ही वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो.

पहिला नियम लाकडाचा. जहाजास मोठे लाकूड लागते. त्याकरिता रानातील सागवानासारखी झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावी, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावी. परंतु आंबा व फणस ही झाडे जहाजाच्या उपयोगाची असूनही त्यांस हात लावू देऊ नये, असे अमात्य बजावतात. कारण दुहेरी दिले आहे. एक तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत. आणि दुसरे, रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन गेले असले तरी धन्यास राजी करून, त्यास किंमत देऊन, त्याच्या संतोषानेच ते घ्यावे. जबरदस्ती मुळीच करू नये. लोकांत हे शासन पुष्कळदा थेट शिवछत्रपतींचे पत्र म्हणून सांगितले जाते. परंतु त्याचे स्थान आज्ञापत्राच्या ह्या आरमार-प्रकरणात आहे, हे विसरता कामा नये. समुद्राची गोष्ट सांगता सांगताच अमात्यांस परसातल्या फणसाची आठवण झाली.

दुसरा नियम वेतनाचा. आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा. समुद्रावर जे मिळेल त्यावर आरमाराचे पोट ठेवू नये. कारण तसे केले असता खलाशी व सरदार व्यापाऱ्यांस नागवू लागतील, सावकारी बुडेल आणि बंदरे ओस पडतील. ज्याचे पोट लुटीवर अवलंबून, त्यास लूट थांबविता येत नाही, हे मर्म अमात्यांनी ओळखले होते.

कोणी म्हणेल, अमात्यांस निसर्गरक्षणाचे काय होते? त्यांना लढाऊ गुराबा हव्या होत्या. हे म्हणणे खरे आहे, आणि अठराव्या शतकातील मुत्सद्द्यास आजच्या जीवशास्त्रज्ञाची पगडी घालण्याची आमची मुळीच इच्छा नाही. समुद्रातील माशांविषयी किंवा प्रवाळांविषयी त्यांनी विचार केला होता असे आम्ही म्हणत नाही. परंतु नियमाची योग्यता तो कोणत्या हेतूने केला ह्यावरच ठरत नाही. जे सावकाश वाढते ते घाईने घेऊ नये. ज्याने जतन केले त्याच्या संमतीवाचून घेऊ नये. आणि घेणाऱ्याचे पोट केवळ घेण्यावर ठेवू नये. ही त्रिसूत्री सागवानास लागू आहे तशीच सुरमईसही लागू आहे.

परंतु समुद्राला ही त्रिसूत्री लावावी असे पुढील अडीचशे वर्षे कोणास फारसे वाटले नाही. समुद्र अपार, म्हणून त्यातील संपत्तीही अपार, अशी समजूत केवळ आमच्याकडेच होती असे नाही. १६०९ साली डच पंडित ग्रोशियस याने समुद्र सर्वांस मोकळा असावा हे प्रतिपादन करताना, समुद्रातील मासळी नदीतल्याप्रमाणे संपत नाही, हेही एक कारण दिले. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्स्लेसारख्या थोर शास्त्रज्ञानेही मोठ्या सागरी मासेमाऱ्या बहुधा अक्षय आहेत असे सांगितले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९९२ साली, कॅनडा सरकारला न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरील कॉड माशाची धरपकड बंद करावी लागली. शतकानुशतके जगाला पुरलेली मासळी काही दशकांच्या यांत्रिक मासेमारीने सरली, आणि हजारो कुटुंबांचा धंदा एका हुकुमाने बुडाला. अक्षय म्हटलेले भांडे रिकामे झाल्याचा ह्याहून मोठा दाखला नको.

आता मालवणकडे वळू. सिंधुदुर्गाच्या पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले होते, ही कथा प्रत्येक शाळकरी मुलास ठाऊक असते. त्या पायाच्या आसपास पाण्याखाली काय आहे, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तेथे प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे व वनस्पतीही नव्हे. तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा वसाहतवजा संसार आहे. हे प्राणी स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात आणि त्यांच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांस पोसते. पाणी काही आठवडे नेहमीपेक्षा एक-दोन अंश अधिक तापले तरी हे साहचर्य मोडते, शैवल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ साली जगातील समुद्रांत, आणि हिंदी महासागरात विशेष, हा अनर्थ मोठ्या प्रमाणावर घडला. गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे घमेल्याएवढा प्रवाळगोळा एखाद्या आंब्याच्या झाडाएवढा जुना असतो, आणि होडीचा एक नांगर तो एका क्षणात फोडू शकतो. अमात्यांच्या शब्दांचा आशय येथे अक्षरशः खरा ठरतो : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होणारी नव्हेत.

ह्या प्रवाळांच्या कपारीत माशांची पिले वाढतात, आणि खाड्यांच्या तोंडाशी असलेल्या खारफुटीत कोळंबी व खेकडे यांचे बालपण जाते. तात्पर्य, ज्यास आपण मासळीबाजार म्हणतो त्याचे पाळणाघर येथे आहे.

ह्या पाळणाघराशेजारी मालवणचा मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढत आला. रापणीची रीत अशी की, होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडीत जावयाचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पन्नास-शंभर माणसांनी ओढावयाची. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. ही रीत निर्दोष होती असे नाही. बारीक आसाच्या जाळ्यात पिलेही सापडत. परंतु तिला तीन स्वाभाविक मर्यादा होत्या. जी मासळी आपण होऊन किनाऱ्याजवळ येई तीच मिळे. जाळ्यास मासळीचा पाठलाग करता येत नसे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा केल्यावाचून त्या पाण्यात लोटीत नसत. पुष्कळ मासे पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालतात. सबब देवाच्या नावाने पाळलेली ही सुटी माशांच्याही कामी येई. आणि तिसरी मर्यादा ही की, लाभ शंभरांत वाटला जात असल्यामुळे एकाच्या लोभास वाव थोडा होता.

स्वातंत्र्यानंतर यांत्रिक नौका आल्या. देशाला अन्न हवे होते, परकीय चलन हवे होते, आणि मच्छीमाराचेही कष्ट वाचावयाचे होते. तेव्हा त्या आणल्या यात दोष कोणास देणार? परंतु ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडीत जाते, आणि पर्ससीनचे जाळे पाण्यातील अख्ख्या थव्यास वेढा घालून तळाची दोरी बटव्यासारखी आवळून घेते. गोव्यात १९७० नंतरच्या दशकात रापणकारांनी ह्याविरुद्ध मोठे आंदोलन केले. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासननिर्णयाने राज्याच्या समुद्रात पर्ससीनवर मोठे निर्बंध आले आणि तिचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर ह्या चार महिन्यांपुरता ठेवण्यात आला. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै ही एकसष्ट दिवसांची बंदीही आता कायद्याची आहे. नारळी पौर्णिमेचे काम सरकारी अधिसूचनेकडे आले आहे.

तरीही तंटा मिटत नाही. ह्याचे कारण अमात्यांच्या दुसऱ्या नियमात सापडते. मोठी नौका, तिचे यंत्र, तिचे डिझेल, तिचे जाळे ही सर्व कर्जावर उभी असतात. कर्जाचा हप्ता मासळी आहे की नाही हे विचारीत नाही. मासळी जितकी कमी मिळते तितके अधिक दूर, अधिक काळ आणि अधिक बारीक आसाचे जाळे घेऊन जावे लागते. ज्याचे पोट केवळ समुद्रावर मिळेल त्यावर ठेवले, त्याने समुद्रास नागवावे हे अपरिहार्य होय. त्यास लोभी म्हणून शिव्या देण्याने काही साधणार नाही. त्याच्या पोटाची व्यवस्था बदलली पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूची चूकही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून, सिंधुदुर्ग व पद्मगड यांच्या भोवतीचा सुमारे ३ चौरस किलोमीटरचा समुद्र त्याचा गाभा आहे. हेतू उत्तम होता. अमात्यांच्या नियमाचा पहिला अर्धा, म्हणजे सावकाश वाढणाऱ्यास हात लावू नये हा भाग, त्यात पाळला गेला. परंतु दुसरा अर्धा, म्हणजे धन्यास राजी करावे हा भाग, राहून गेला. ज्या पाण्यावर गाबितांच्या पिढ्या जगल्या, त्या पाण्यात जावयास एके दिवशी मनाई होणार ह्या भीतीने मालवणात विरोध उठला, आणि अभयारण्य पुष्कळ काळ कागदावरच राहिले. जबरदस्तीने तोडलेले झाड जसे राज्यास लाभत नाही, तसे जबरदस्तीने राखलेले झाडही लाभत नाही.

संमतीने काय साधते ह्याचे उदाहरण त्याच कोकणात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने सागरी कासवांच्या रक्षणाचे काम सुरू केले. तोवर किनाऱ्यावरील कासवांची अंडी काढून खाणे वा विकणे हे तेथे नित्याचे होते. संस्थेने गावालाच कामात घेतले. घरटी शोधणे, अंडी कुंपणात सुरक्षित हलविणे, सुमारे पन्नास दिवसांनी निघालेली पिले समुद्रात सोडणे ही कामे गावकरी करू लागले. पिले पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांची राहण्याजेवण्याची सोय गावातील घरांत होऊ लागली, आणि अंड्यांच्या किमतीहून कासवाची किंमत गावास अधिक वाटू लागली. येथे धनी राजी झाला, त्यास मोबदला मिळाला, आणि त्याचे पोट अंड्यांवर राहिले नाही. तिन्ही सूत्रे पाळली गेली, आणि काम टिकले. सिंधुदुर्गातही २०१० नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने खेकडापालनासारखे पूरक धंदे आणि चौकोनी आसाची जाळी यांचा प्रसार करण्याचा प्रयत्न झाला. नेहमीच्या जाळ्याचा आस ओढ बसली की मिटतो. चौकोनी आस उघडा राहतो आणि पिलांस निसटावयास वाट मिळते. उपाय लहान दिसतो, परंतु मच्छीमाराचे जाळे न हिरावता माशाचे पोर वाचविणारा आहे.

ह्या सर्वांत कोल्हापूरचा संबंध काय, हा प्रश्न आम्ही आरंभी केला होता. त्याचे उत्तर तिहेरी आहे. पहिले असे की, समुद्राचे धनीपण गेले तरी समुद्राचे गिऱ्हाईकपण आमच्याकडे राहिले आहे. गगनबावडा व फोंडा ह्या घाटांनी ताजी व सुकी मासळी कोल्हापुरात येते; आणि त्याच घाटांनी सुटीच्या दिवशी कोल्हापूरकर मालवण-तारकर्लीस जातो, पाण्यात बुडी मारून प्रवाळ पाहतो. बाजारात बोटभर लांबीची पिले मागणारा, किंवा उथळ पाण्यात प्रवाळावर पाय रोवून उभा राहणारा, हाही आंब्यावर कुऱ्हाड घालणाराच होय. दुसरे असे की, आमची पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते आणि ते पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. कारखान्यांची मळी, शहराचे सांडपाणी आणि विसर्जनाचा कचरा घेऊन आम्ही दुसऱ्याच एका समुद्राच्या दारात जातो. घाटाच्या माथ्यावर बसलेल्याचे पाणी दोन्ही समुद्रांस मिळते. त्याची जबाबदारीही दुप्पट आहे.

तिसरे उत्तर ऐतिहासिक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले. त्याच्या अधिकारात कोल्हापूर, सातारा, सांगली व सोलापूर यांच्याबरोबर रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे किनाऱ्याचे दोन जिल्हेही आहेत. म्हणजे १८१२ साली मालवणचा सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हातून गेला, त्यास दोनशे तेरा वर्षे झाल्यावर मालवणचा माणूस न्याय मागण्याकरिता पुन्हा कोल्हापुरास येऊ लागला. जाळ्यांचे तंटे, किनाऱ्यावरील बांधकामे, खारफुटीची तोड असे वाद उद्या तेथे येऊन उभे राहतील. आणि प्रवाळास वाचा नसली तरी त्याचीही बाजू त्यांत असेल. ते निकाल कायद्याप्रमाणेच होतील व व्हावेत. परंतु ज्या नगरात ते होतील, तेथील सुशिक्षितांनी समुद्राचा प्रश्न परक्याचा मानू नये, एवढी अपेक्षा करण्यास हरकत नाही.

अमात्यांच्या काळी समुद्र कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर आरमाराच्या बळावर मिळत असे. आज कोणाचेही आरमार समुद्रास मरणापासून वाचवू शकत नाही. जो समुद्राची वाढ ओळखून घेतो, त्यावर जगणाऱ्यास विचारून घेतो आणि पुढल्या पिढीचे ठेवून घेतो, त्याचाच समुद्र, असे यापुढे म्हणावे लागेल. असे धनीपण कोणत्याही तहाने हिरावून घेता येत नाही, आणि कोल्हापूरकरांनी त्यावर आपला हक्क पुन्हा सांगावा.